प्राथमिक शाळेचे ग्रंथालय: कुलूपबंद कपाटापासून मुलांच्या घरापर्यंत

नागपुरातल्या एखाद्या प्राथमिक शाळेत जाऊन ग्रंथालय कुठे आहे असे विचारले, तर पुष्कळदा मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवले जाते. कपाटाला कुलूप असते, किल्ली ज्यांच्याकडे असते ते शिक्षक नेमके त्या दिवशी प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेलेले असतात, आणि आतल्या पुस्तकांची नोंद मात्र चोख असते. मी ज्या शाळेत नोकरीला लागले, तिथे अशा कपाटात चारशेच्या आसपास पुस्तके होती आणि त्या वर्षी त्यातले एकही पुस्तक कोणत्याही मुलाच्या घरी गेले नव्हते. यात कुणाचा आळस नव्हता. पुस्तक हरवले तर तपासणीच्या वेळी जाब द्यावा लागेल आणि भरपाई आपल्या पगारातून होईल, ही धास्ती होती. पैसा आणि जागा या अडचणी खऱ्याच आहेत. पण प्राथमिक शाळेचे ग्रंथालय सर्वाधिक अडते ते या धास्तीपाशी, असे माझे मत आहे, आणि पुढे सांगितलेल्या कामांचा क्रम त्याच अनुभवातून ठरला आहे.

हा खटाटोप कशासाठी, हे आधी सांगते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ग्रंथालय ही हौस नसून कायद्याने आखलेली किमान सोय आहे. परंतु वर्गात शिकवणाऱ्याला त्याहून जवळचे कारण दिसते. पहिली-दुसरीतले मूल एकच धडा चार वेळा ऐकते, तेव्हा तो त्याला तोंडपाठ होतो. मग ते ‘वाचते’ तेव्हा बोट एका शब्दावर असते आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर गेलेले असते. अक्षरे जुळवणे सहज होण्यासाठी जो सराव लागतो, तो आधी न पाहिलेल्या, सोप्या आणि पुढे काय होते अशी उत्सुकता लावणाऱ्या मजकुरावरच होतो, आणि तेवढा मजकूर एका पाठ्यपुस्तकात मावत नाही. तिसरीनंतर परिसर अभ्यास काय आणि गणितातली शाब्दिक उदाहरणे काय, सगळे वाचता येते असे गृहीत धरूनच पुढे जाते. केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने पायाभूत वाचनासाठी तिसरीची सीमारेषा धरली, ती याच कारणाने. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे छापील पुस्तक नाही, तिथल्या मुलाला ही संधी शाळेतच मिळू शकते.

पहिले काम: कपाट रिकामे करणे

नवी पुस्तके घेण्याआधी जुनी सगळी बाहेर काढावीत. एका शनिवारी दोन शिक्षक आणि दोन-तीन पालक बसले, तर चारशे पुस्तकांचे वर्गीकरण अर्ध्या दिवसात होते. जमिनीवर दरी (सतरंजी) अंथरून तीन ढीग करावेत. पहिल्यात मुलांनी लगेच वाचावीत अशी पुस्तके, दुसऱ्यात दुरुस्तीला काढायची, आणि तिसऱ्यात काढून टाकायची. तिसरा ढीग बहुधा सर्वांत मोठा निघतो. बारीक टाइपातली शिक्षकांसाठीची संदर्भपुस्तके, कालबाह्य गाइडे, जुन्या योजनांच्या मार्गदर्शिका, एकाच चरित्राच्या अकरा प्रती, असा तो माल असतो. तो टाकवत नाही, कारण आकडा कमी दिसेल अशी भीती वाटते. परंतु मुलाने कपाटात हात घातल्यावर पहिली तीन पुस्तके अशी निघाली, तर चौथ्यांदा ते हात घालत नाही.

टाकायची पुस्तके थेट रद्दीत देऊ नयेत. दाखल क्रमांकानुसार, म्हणजे पुस्तक नोंदवहीत चढवताना दिलेल्या क्रमांकानुसार, त्यांची यादी करावी, प्रत्येकापुढे कारण लिहावे, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्यावा आणि सक्षम अधिकाऱ्यांच्या मंजुरीने निर्लेखन करावे, म्हणजे ती नोंदीतून रीतसर काढून टाकावीत. याला वेळ लागतो, म्हणून मंजुरी येईपर्यंत ती पुस्तके खोक्यांत भरून बाजूला ठेवावीत, म्हणजे बाकीचे काम अडत नाही.

याच बैठकीत दुसरा, माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठराव घ्यावा. पुस्तके मुलांना घरी दिली जातील, वापरात दरवर्षी शेकडा पाच ते दहा पुस्तके फाटतील किंवा हरवतील हे समितीला मान्य आहे, आणि त्याची वसुली शिक्षकाकडून अथवा मुलाकडून केली जाणार नाही, असे इतिवृत्तात स्वच्छ शब्दांत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे त्यांच्या संमतीला वजन असते. आमच्याकडे हा ठराव झाला त्या आठवड्यात कपाटाची किल्ली खुंटीवर आली आणि तिथेच राहिली. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिला, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, इतका साधा आहे की तो मुद्दाम का सांगावा लागला असे वाटते. कुलूपबंद कपाट पाहिले की उत्तर मिळते.

जागा आणि मांडणी

स्वतंत्र खोली असेल तर उत्तम. नसेल तर व्हरांड्याचा कोपरा किंवा प्रत्येक वर्गातला एक कोपरा पुरेसा होतो. पहिलीतले मूल साधारण साडेतीन-पावणेचार फूट उंच असते, म्हणून सर्वांत वरचा खण साडेतीन फुटांपेक्षा उंच नसावा. लहान मुले पुस्तकाच्या कण्यावरून पुस्तक ओळखत नाहीत, ती मुखपृष्ठावरून ओळखतात. त्यामुळे पहिली-दुसरीसाठी पुस्तके उभी दाटून न ठेवता समोरून दिसतील अशी ठेवावीत. भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये नायलॉनची दोरी ताणून तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी पातळ पुस्तके लावली, तर शंभर रुपयांच्या आत वीस पुस्तके दर्शनी येतात. दर सोमवारी ती बदलावीत.

नागपूरच्या हवेचा विचार इथे करावाच लागतो. पश्चिमेची भिंत एप्रिलमध्ये दुपारनंतर इतकी तापते की तिला लागून ठेवलेल्या पुस्तकांची बांधणी सुकून पाने सुटू लागतात. दुसरा शत्रू कूलर. वाळ्याच्या ओल्या जाळीतून येणारी हवा आपल्याला सुखद वाटते, पण तिच्या थेट झोतात असलेला कागद फुगतो आणि पावसाळा येईपर्यंत त्याला बुरशीचा वास लागतो. म्हणून रॅक कूलरच्या समोर कधीही ठेवू नये. जुलैपासून वाळवीची भीती असते. रॅक भिंतीपासून चार बोटे पुढे आणि जमिनीपासून किमान अर्धा फूट वर असावा, म्हणजे वाळवीची मातीची नळी चढताना दिसते आणि वेळेत काढता येते. डांबरगोळ्या लहान मुलांच्या हाताशी मुळीच ठेवू नयेत. त्या पेपरमिंटसारख्या दिसतात आणि पोटात गेल्यास विषारी ठरतात. पुस्तके पंधरवड्याने एकदा झटकून सावलीत उघडी ठेवणे हा अधिक चांगला उपाय आहे. तसेही, कसर लागते ती न उघडलेल्या पुस्तकाला.

पुस्तके कोणती घ्यावीत

शाळांच्या खरेदीत दोन प्रकारांचा भरणा असतो, थोरांची चरित्रे आणि तात्पर्य सांगणाऱ्या बोधकथा. दोन्ही असावेत, पण मुलाने आपणहून दुसऱ्यांदा उचलावे असे पुस्तक बहुधा या दोहोंत नसते. माझा ठोकताळा असा आहे की दहापैकी पाच पुस्तके चित्रमय गोष्टींची असावीत, दोन माहितीची, म्हणजे किडे, पक्षी, यंत्रे, ग्रह अशी, एक कवितांचे व बडबडगीतांचे, एक कोडी-विनोद-कृतींचे, आणि उरलेल्या एकात चरित्र-इतिहास वगैरे. पहिली-दुसरीसाठी एका पानावर एक ते तीन ओळी, टाइप मोठा आणि चित्र मजकुराशी बोलणारे हवे. विकत घेण्यापूर्वी पुस्तक दुकानातच मोठ्याने वाचून पाहावे. वाक्य म्हणताना जीभ अडखळली, तर वर्गात मुलांचीही अडखळेल. भाषांतरित पुस्तकांत ही परीक्षा विशेष उपयोगी पडते, आणि दुकानदार दोन मिनिटे विचित्र नजरेने पाहतो, एवढाच तोटा.

भाषेबाबत नागपूरचे वेगळेपण विसरू नये. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताच्या आणि मग जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचे होते, आणि हिंदी इथल्या रस्त्यावर त्या काळापासून घरच्यासारखी वावरते. महानगरपालिकेच्या शाळांत मराठी, हिंदी आणि उर्दू ही माध्यमे आहेत. मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी हिंदी, हलबी, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणारी मुले असतात. अशा मुलांसाठी पाचात एक पुस्तक हिंदी किंवा द्विभाषिक ठेवण्यात मराठीचे काहीही नुकसान होत नाही. उलट वाचनाची गोडी एका भाषेत लागली की ती दुसरीत उतरते. नागपुरी बोलीतल्या गोष्टी छापील स्वरूपात फार कमी मिळतात. ही उणीव आम्ही आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी मुलांकडून लिहून, चित्रे काढून, शिवून भरून काढली. अशा हस्तलिखित पुस्तकालाही दाखल क्रमांक द्यावा. ‘पोट्टा’ (पोरगा) हा बोलीतला शब्द पुस्तकात छापल्यासारखा दिसला तेव्हा तिसरीचा वर्ग आधी गप्प झाला आणि मग खदखदून हसला.

खरेदीसाठी केंद्राच्या समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेतून शाळेच्या स्तरानुसार दरवर्षी ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे, आणि प्राथमिक शाळेच्या वाट्याला त्यातला सर्वांत खालचा आकडा येतो. सरासरी किंमत सत्तर रुपये धरली तर ५,००० रुपयांत साधारण सत्तर पुस्तके येतात. त्यांतली दहा-बारा नावे निवडून प्रत्येकी तीन-चार प्रती घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण मित्र जे वाचतो तेच मुलाला हवे असते. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके आणि प्रथम बुक्सची चित्रपुस्तके परवडणारी असतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या व्यासपीठावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतल्या गोष्टी चार पातळ्यांत विनामूल्य मिळतात आणि त्या छापून घेण्यास परवानगी आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याची वर्गणी भरावी, आणि जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात हेही चौथी-पाचवीच्या शिक्षकांनी लक्षात ठेवावे. आपल्या शहरापुरती एक संधी आणखी आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे असंख्य स्टॉल लागतात, तिथे मुलांसाठीचीही पुस्तके स्वस्तात मिळतात, आणि पाचवीच्या मुलांना सोबत नेऊन प्रत्येकाला एक पुस्तक शाळेसाठी निवडू दिले, तर ते पुस्तक वर्षभर त्या मुलाच्या नावाने ओळखले जाते.

देणगीच्या पुस्तकांबद्दल मात्र सावध राहावे. वाढदिवसाला शाळेला पुस्तक द्या असे आवाहन केले की घरातली अडगळ येते. त्याऐवजी हव्या असलेल्या वीस पुस्तकांची किमतीसह यादी फलकावर लावावी.

नोंदी किती आणि कशा

प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचे पद मंजूर नसते. त्यामुळे हे काम कुणा तरी शिक्षकाच्या माथी जास्तीचे येते, आणि नोंदी जितक्या जास्त तितके ग्रंथालय लवकर बंद पडते. दोनच नोंदवह्या ठेवाव्यात. दाखल नोंदवहीत दाखल क्रमांक, दिनांक, पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, कोठून मिळाले आणि शेरा एवढे रकाने पुरतात. शाळेचा शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आणि ठरवून दिलेल्या एका आतल्या पानावर, उदाहरणार्थ सातव्या, मारावा. दशांश वर्गीकरणाच्या, म्हणजे विषयांना अंक देऊन पुस्तके लावण्याच्या पद्धतीच्या, फंदात पडू नये. ते मोठ्या ग्रंथालयांसाठी आहे. त्याऐवजी कण्यावर रंगीत चिकटपट्टी लावावी. हिरवी म्हणजे चित्रे व एखाददुसरी ओळ, पिवळी म्हणजे लहान परिच्छेद, निळी म्हणजे लांब गोष्टी, आणि लाल म्हणजे माहितीपर. रंग पातळी दाखवण्यासाठी आहे, मुलाला अडवण्यासाठी नाही. चौथीतल्या मुलाने हिरवे पुस्तक उचलले तर त्याला टोकू नये, कारण कदाचित तेच त्याला पहिल्यांदा पूर्ण वाचता येणार असते.

दुसरी नोंदवही देवघेवीची. प्रत्येक मुलाला एक पान द्यावे आणि त्यावर पुस्तकाचा क्रमांक व नेल्याची तारीख मुलानेच लिहावी. परत आले की शिक्षकाने किंवा बालग्रंथपालाने, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या मुलाने, खूण करावी.

तासिका

वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला आठवड्यातून किमान एक चाळीस मिनिटांची ग्रंथालय तासिका हवी, आणि ती शनिवारी शेवटची नसावी, कारण शेवटची तासिका कवायतीला किंवा साफसफाईला जाते. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, तेव्हा ही तासिका ऊन चढण्यापूर्वी घ्यावी.

तासिकेचे तीन भाग करता येतात. पहिली पंधरा मिनिटे शिक्षकांनी मोठ्याने वाचावे. हा भाग सोपा वाटतो आणि सर्वाधिक बिघडतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. पुस्तक आदल्या दिवशी स्वतः वाचून यावे. मुलांना दरीवर अर्धवर्तुळात, अगदी जवळ बसवावे आणि चित्र सर्वांना दिसेल असे पुस्तक छातीशी बाजूला धरावे. आधी मुखपृष्ठ दाखवून गोष्ट कशाबद्दल असेल असे विचारावे आणि येतील ती सगळी उत्तरे ऐकून घ्यावीत. लेखक आणि चित्रकार या दोघांची नावे वाचावीत. नंतर गोष्ट एका दमात, योग्य तिथे थांबत, पात्रांचे आवाज जमतील तसे बदलत वाचावी. मध्येच शब्दार्थ विचारू नयेत, शुद्धलेखनाकडे लक्ष वेधू नये. अनोळखी शब्द आला तर चित्रावर बोट ठेवावे, बहुधा तेवढ्याने काम होते. गोष्ट संपल्यावर ‘यातून काय बोध घेतला?’ हा प्रश्न कटाक्षाने टाळावा. त्याऐवजी ‘तू तिथे असतास तर काय केले असतेस?’ किंवा ‘कोणते चित्र पुन्हा पाहायचे?’ असे एखादेच विचारावे. त्यानंतर ते पुस्तक रॅकवर सर्वांत पुढे ठेवावे. त्या आठवड्यात ते पुस्तक घरी नेण्यासाठी रांग लागते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे, आणि ज्यांना अजून वाचता येत नाही अशी मुलेही ऐकलेली गोष्ट चित्रांच्या आधाराने घरी ‘वाचून’ दाखवतात.

पुढची पंधरा मिनिटे मुलांनी स्वतः निवडलेले पुस्तक एकट्याने किंवा जोडीने वाचावे, आणि शिक्षकांनीही त्या वेळात वह्या न तपासता वाचावे. उरलेली दहा मिनिटे देवघेवीची.

घरी नेलेले पुस्तक

‘बाई, हे घरी नेऊ का?’ या प्रश्नाला पहिलीपासून होकारच असावा. जुन्या कापडाच्या पिशव्या पालकांकडून शिवून घेतल्या तर पुस्तक डब्याच्या तेलापासून वाचते. घरी वाचून दाखवणारे कुणी नसेल, तर मुलाने आजीला चित्रे दाखवून गोष्ट सांगायची, असे पालक सभेत समजावून सांगावे; निरक्षर पालकांना आपलाही यात भाग आहे हे कळले की पुस्तकाची काळजी आपोआप घेतली जाते. वर्तमानपत्रात गुंडाळून सणाच्या भांड्यांबरोबर माळ्यावर ठेवलेले पुस्तक तीन महिन्यांनी परत आल्याचेही मला आठवते. त्या आईला ते ‘खराब होऊ नये’ एवढेच वाटले होते.

दंड लावू नये. हरवलेल्या पुस्तकाबद्दल मुलाशी एकदाच, वर्गाबाहेर बोलावे आणि त्याच दिवशी दुसरे पुस्तक द्यावे. दंडाच्या भीतीने मूल पुस्तक परत आणायचेही टाळते आणि पुढचे मागायचेही. फाटलेल्या पुस्तकांसाठी महिन्यातून एकदा ‘पुस्तकांचा दवाखाना’ भरवावा. त्यात पारदर्शक चिकटपट्टी वापरू नये, ती आपल्या उन्हाळ्यात पिवळी पडून चिकट होते. कणकेची खळ किडे ओढते. पातळ कागदाची पट्टी आणि पांढरा डिंक सर्वांत बरा. चौथी-पाचवीतले दोन-दोन बालग्रंथपाल महिन्याच्या पाळीने नेमावेत, आणि वाचनात मागे असलेल्या मुलांची पाळी आधी लावावी. हुशार मुलांना नेमण्याचा मोह होतो. पण रोज पुस्तके हाताळण्याची गरज ज्यांना आहे, ती मुले वेगळीच असतात.

उत्सव, तपासणी आणि सुटी

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन शाळा साजरे करतेच. त्या दिवशी भाषणांऐवजी मोठ्या मुलांनी लहानांना एकास एक गोष्ट वाचून दाखवावी, इतका बदल पुरे आहे. ग्रंथालय चालते आहे की नाही हे पाहायला वाचलेल्या पुस्तकांची संख्या मोजण्याच्या स्पर्धा नकोत. मुले पाने उलटून आकडा वाढवतात. देवघेव वहीत कोणाचे पान कोरे आहे आणि रॅकवरचे कोणते पुस्तक सहा महिन्यांत हलले नाही, हे दोन प्रश्न दर महिन्याला विचारावेत. कोरे पान असलेल्या मुलाजवळ बसून त्याला काय आवडते ते शोधावे, आणि न हललेले पुस्तक एकदा मोठ्याने वाचून पाहावे.

विदर्भातली उन्हाळी सुटी लांब असते. राज्याच्या इतर भागांत शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्याकडे उन्हामुळे जूनची अखेर येते. सात-आठ आठवडे मूल पुस्तकापासून दूर राहिले तर नुकते वाचायला लागलेले मूल पुन्हा अडखळू लागते. म्हणून एप्रिलच्या शेवटी पुस्तके गोळा करून कपाट बंद करण्याची प्रथा मोडावी. प्रत्येक मुलाला तीन पुस्तके द्यावीत: एक सहज वाचता येईल असे, एक थोडे कठीण आणि एक त्याच्या हट्टाचे. एका गल्लीतल्या मुलांना वेगवेगळी दिली, तर ती आपसांत बदलतात आणि तिनाची बारा होतात. कुणाकडे काय दिले याची यादी प्रत्येक गल्लीतल्या एका पालकाकडे ठेवावी, म्हणजे मूल गावी गेले तरी माग राहतो.

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात पुस्तके परत घ्यावीत. काही आंब्याच्या डागांची येतील, काही येणार नाहीत, त्यांची नोंद शेऱ्याच्या रकान्यात करून वही समितीपुढे ठेवावी. नव्याने पहिलीत आलेल्या मुलांना रॅक दाखवण्याचे काम शिक्षकांनी स्वतःकडे ठेवू नये. आमच्याकडे ते तिसरीची मुले करतात, आणि दहा मिनिटांत पहिलीचा प्रत्येक जण हातात एक हिरव्या पट्टीचे पुस्तक घेऊन दरीवर बसलेला असतो.